सर्वकालीन श्रेष्ठ कोण? क्रीडा संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी दैनिकांचे व नियतकालिकांचे क्रीडा संपादक

विषय : फुटबॉलमधील सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडू व राष्ट्रीय संघ यांबाबतचे वाचक-कौल



फिफाने डिसेंबर 2000 मध्ये रोमला समारंभ भरवून ‘शतकातील सर्वोत्तम फुटबॉलपटू’ हा एकच किताब दोघांना दिला. आधी इंटरनेटवर खुले मतदान झाले होते. त्यात दिएगो मॅराडोनाला 53.6 टक्के मते पडली आणि पेलेला साडेअठरा. मग फिफाने दुसरी चूल मांडली. फिफाच्या मासिकाचे वाचक आणि फुटबॉलमधील जाणकारांचे मंडळ यांचा वेगळा कौल घेतला गेला आणि त्यात पेलेने 72 टक्क्यांहून अधिक मते मिळवली. मॅराडोना आपला किताब घेऊन पेलेचा सत्कार होण्याआधीच सभागृहातून निघून गेला. महिलांच्या किताबाचेही असेच दोन वाटे झाले: एका कौलात चीनची सुन वेन पुढे, दुसऱ्यात अमेरिकेची मिशेल एकर्स.

दोन्ही कौल प्रामाणिक होते असे धरले, तरी एवढा फरक पडण्याचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही. 2000 साली इंटरनेट हाताशी असलेला मतदार बहुतेक तरुण होता. 1986 चा मॅराडोना त्याने टीव्हीवर पाहिला होता. पेलेचा शेवटचा विश्वचषक त्याला तीस वर्षे जुना होता. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले ऑक्टोबर 1972 मध्ये. म्हणजे ज्या 1970 च्या ब्राझील संघाची इथले बुजुर्ग शपथ घेतात, तो संघ त्यांनी घरात बसून थेट पाहिलेला नाही; वर्तमानपत्रांतून वाचला आणि पुढे केव्हातरी चित्रफितींतून पाहिला. भारतातल्या लोकांना पेले मैदानावर दिसला तो सप्टेंबर 1977 मध्ये, कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर, न्यूयॉर्क कॉसमॉसकडून मोहन बागानविरुद्ध खेळताना. तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. विश्वचषकाच्या महिन्यात कोल्हापूरच्या पेठापेठांत ब्राझील आणि अर्जेंटिना यांचे झेंडे समोरासमोर लागतात, तिथेही कोणत्या पिढीने कोणाला पाहिले याला बराच अर्थ असतो.

क्रीडा पुरवण्यांतले वाचक-कौल नेमके इथेच फसतात. दर विश्वचषकाला प्रश्न छापला जातो, नावे छापली जातात, टक्केवारी छापली जाते. ‘श्रेष्ठ’ म्हणजे कशात श्रेष्ठ, हे मात्र छापले जात नाही. त्यामुळे एक वाचक कारकीर्दीला मत देतो, दुसरा एका स्पर्धेला, तिसरा जिंकलेल्या चषकांना, आणि तिन्ही मते एकाच रकान्यात बेरजेला बसतात.

आकड्यांनी हा वाद मिटेल असे वाटणाऱ्यांनी पेलेच्या गोलांपासून सुरुवात करावी. गिनेसच्या नोंदीत त्याच्या नावावर 1,363 सामन्यांत 1,279 गोल आहेत. त्यात सान्तोस क्लबने देशोदेशी फिरून खेळलेले मैत्रीपूर्ण सामने आहेत आणि लष्करी संघाकडून खेळलेलेही आहेत. अधिकृत स्पर्धांपुरते मोजले तर आकडा साडेसातशेच्या आसपास येतो. पेलेला कमी लेखणारे या दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवतात. पण त्या काळी सान्तोसचा खर्च दौऱ्यांवर चाले आणि समोर अनेकदा युरोपातले मातब्बर क्लब असत. अशा सामन्याला आजच्या सरावसामन्याची किंमत देणे बरोबर नाही. आणि अधिकृतच हवे असेल तर ऑक्टोबर 1962 चा लिस्बनचा सामना आहे. युरोपविजेत्या बेनफिकाला त्यांच्याच मैदानावर सान्तोसने 5-2 असे हरवले आणि त्यात पेलेची हॅटट्रिक होती. ‘पेले युरोपात कधी खेळलाच नाही’ हे वाक्य छापण्याआधी हा निकाल पाहिलेला बरा.

पुरस्कारांचीही तीच गत. ‘बॅलन डी’ऑर’ हा पुरस्कार ‘फ्रान्स फुटबॉल’ने 1956 मध्ये सुरू केला, आणि 1995 पर्यंत तो फक्त युरोपीय देशांच्या खेळाडूंनाच मिळू शके. लायबेरियाचा जॉर्ज विया हा तो मिळवणारा पहिला बिगरयुरोपीय. तेव्हा मेस्सीचे आठ आणि पेले-मॅराडोनाचे शून्य अशी चौकट छापणे म्हणजे ज्यांना दारातच अडवले होते त्यांना नापास ठरवणे. त्याच मासिकाने 2016 मध्ये जुन्या निकालांचा फेरविचार केला, तेव्हा पेलेच्या वाट्याला सात पुरस्कार आले आणि मॅराडोनाच्या वाट्याला दोन.

पुरावाच शिल्लक नाही अशीही उदाहरणे आहेत. पेले ज्या गोलला आपला सर्वांत सुंदर गोल म्हणे, तो 1959 मध्ये साओ पावलोच्या रुआ झावारी मैदानावर झुव्हेंटस या स्थानिक क्लबविरुद्ध झाला. त्याचे चित्रीकरण नाही. पुढे त्याच्यावरच्या माहितीपटासाठी तो गोल संगणकावर नव्याने तयार करावा लागला. उलट मेस्सीचा बार्सिलोनाच्या पहिल्या संघातला जवळजवळ प्रत्येक स्पर्श कुठल्या ना कुठल्या कोनातून उपलब्ध आहे. पेलेच्या चुका काळाने पुसल्या आणि त्याचे चांगले क्षणही पुसले. मेस्सीचे दोन्ही जपले गेले.

नियमांचा फरक तर याहून मोठा. 19 जुलै 1966 रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर पोर्तुगालच्या मोराइशने पेलेला एकदा पाडले. तो तोल सावरून पुढे निघतो न निघतो तोच पुन्हा पाडले. पंचांनी मोराइशला मैदानाबाहेर काढले नाही. बदली खेळाडूची सोय नव्हती, म्हणून पेले उरलेला सामना लंगडत खेळला आणि ब्राझील स्पर्धेबाहेर गेले. पिवळे-लाल कार्ड आणि बदली खेळाडू विश्वचषकात आले ते पुढच्या, 1970 च्या स्पर्धेत. मागून पाय घालणाऱ्याला थेट लाल कार्ड दाखवायची पद्धत रुळायला 1990 चे दशक उजाडले. गोलरक्षकाने सहकाऱ्याचा पायाने दिलेला पास हातात घेऊ नये, हा नियम 1992 चा. मॅराडोना आणि मेस्सी यांच्या पायांना मिळालेले संरक्षण सारखे नव्हते, मैदानेही सारखी नव्हती. म्हणून वेगवेगळ्या काळांतल्या खेळाडूंची तुलना करताना टिकण्यासारखे माप एकच उरते: आपल्या काळातल्या इतरांपेक्षा हा खेळाडू किती पुढे होता.

या मापाने विश्वचषक मोठा ठरतो, पण एकटा पुरा पडत नाही. आल्फ्रेडो दि स्तेफानो विश्वचषकाचा एकही सामना खेळला नाही. तरी रेआल माद्रिदने 1956 ते 1960 या काळात ओळीने पाच युरोपीय चषक जिंकले आणि पाचही अंतिम सामन्यांत त्याने गोल केले. जॉर्ज बेस्ट आणि विया यांनाही देश लहान असल्यामुळे ती संधी मिळाली नाही. गोलरक्षक आणि बचावपटू यांच्यावर तर कौलात कायमच अन्याय होतो. ‘बॅलन डी’ऑर’ मिळालेला गोलरक्षक आजवर एकच, 1963 चा लेव्ह याशिन.

एकाच स्पर्धेचा विचार केला तर 1986 च्या मॅराडोनापुढे कोणी टिकत नाही. मेक्सिकोत अर्जेंटिनाने 14 गोल केले. त्यांतले पाच त्याचे आणि आणखी पाच त्याच्या पासवर. 22 जूनला आझ्टेका स्टेडियमवर इंग्लंडविरुद्ध त्याने 51 व्या मिनिटाला हाताने गोल केला आणि पंचांना तो दिसला नाही. आजच्या व्हिडिओ पंचांपुढे तो टिकला नसता. चार मिनिटांनी त्याने स्वतःच्या अर्ध्या मैदानात, इंग्लंडच्या दोघांच्या मधोमध चेंडू घेतला आणि जागच्या जागी गिरकी मारून बिअर्डस्ली आणि रीड यांना मागे टाकले. बुचर आत ओढला गेला. फेनविकला अडवायला वेळच मिळाला नाही. शिल्टन पुढे आला तसा मॅराडोनाने चेंडू त्याच्या बाजूने नेला आणि मागून पोचलेल्या बुचरचा पाय लागत असतानाच तो जाळ्यात घातला. सगळे दहा-अकरा सेकंदांत, आणि चेंडू पूर्णवेळ डाव्या पायाला. हा गोल अनेकदा ‘एकट्याचा’ म्हणून सांगितला जातो. पण वाल्दानो सोबत धावत होता म्हणून इंग्लंडचे बचावपटू द्विधा मनःस्थितीत राहिले, हेही चित्रफितीत दिसते.

सबंध कारकीर्द पाहायची तर कौल मेस्सीकडे झुकतो. 2006 ते 2022 असे पाच विश्वचषक, 26 सामने, 13 गोल. गंमत अशी, की 2022 च्या आधी बाद फेरीत त्याचा एकही गोल नव्हता आणि टीकाकारांकडे ते हुकमी अस्त्र होते. कतारमध्ये त्याने साखळीत, उपउपान्त्यपूर्व फेरीत, उपान्त्यपूर्व फेरीत, उपान्त्य फेरीत आणि अंतिम सामन्यात गोल केले. असे करणारा तो पहिलाच. पेलेचे तीन विश्वचषक ही न मोडलेली नोंद आहे, पण तिलाही तळटीप हवी. 1962 मध्ये दुसऱ्याच सामन्यात तो जायबंदी झाला आणि ती स्पर्धा गॅरिंचाने ब्राझीलला जिंकून दिली. मात्र 1958 मध्ये सतराव्या वर्षी उपान्त्य सामन्यात तीन आणि अंतिम सामन्यात दोन गोल करणारा दुसरा मुलगा फुटबॉलने अजून पाहिलेला नाही.

संघांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो खेळाडूंच्या कौलाच्या शेपटाला बांधू नये. विश्वचषकांची संख्या मोजली की 2022 पर्यंत ब्राझील पाच, जर्मनी व इटली चार-चार, अर्जेंटिना तीन, असे उत्तर मिनिटात मिळते. पण ती देशांची यादी झाली. संघ म्हणजे चार-सहा वर्षे एकत्र खेळलेली माणसे. तसे पाहिले तर विश्वचषक न जिंकलेला एक संघ यादीच्या अगदी वर येतो.

प्रशिक्षक गुस्ताव शेबेश यांचा हंगेरीचा संघ मे 1950 मध्ये ऑस्ट्रियाकडून हरला, त्यानंतर चार वर्षे हरलाच नाही. 1952 चे ऑलिंपिक सुवर्ण त्याने घेतले. 25 नोव्हेंबर 1953 रोजी तो वेम्बलीवर उतरला. ब्रिटिश बेटांबाहेरच्या कोणत्याही संघाकडून इंग्लंड तोवर घरच्या मैदानावर हरले नव्हते. पहिल्याच मिनिटात हिदेगकुतीने गोल केला. त्याच्या पाठीवर 9 क्रमांक होता, म्हणजे तो आघाडीचा मधला खेळाडू; इंग्लंडच्या पद्धतीप्रमाणे त्याला मधल्या बचावपटूने, हॅरी जॉन्स्टनने, धरून ठेवायचे. पण हिदेगकुती पुढे थांबतच नव्हता. तो मधल्या फळीत मागे येई. जॉन्स्टन त्याच्यामागे गेला तर बचावात खिंडार पडे, आणि जागेवर थांबला तर हिदेगकुतीला सबंध मैदान मोकळे मिळे. त्या दिवशी हिदेगकुतीने तीन गोल केले. पुस्कासने त्याच्या गाजलेल्या गोलच्या वेळी इंग्लंडचा कर्णधार बिली राइट घसरत अंगावर येत असताना बुटाच्या तळव्याने चेंडू मागे ओढला. राइट रिकाम्या जागेवरून घसरत गेला आणि पुस्कासने गोल मारला. निकाल 6-3. बदला घ्यायला इंग्लंड पुढच्या मे महिन्यात बुडापेस्टला गेले आणि 7-1 असे हरून आले.

1954 च्या विश्वचषकात या संघाने पाच सामन्यांत 27 गोल केले. एका स्पर्धेतला हा उच्चांक अजून कायम आहे. साखळीत पश्चिम जर्मनीला त्याने 8-3 असे हरवले, पण जर्मन प्रशिक्षक हेर्बर्गर यांनी त्या दिवशी बरेच प्रमुख खेळाडू राखून ठेवले होते, आणि पुस्कासचा घोटा त्याच सामन्यात दुखावला. 4 जुलैला बर्न येथे पावसात अंतिम सामना झाला. आठ मिनिटांत हंगेरी 2-0 पुढे. अठराव्या मिनिटाला 2-2. 84 व्या मिनिटाला राह्नच्या गोलने जर्मनी 3-2. शेवटी शेवटी पुस्कासने चेंडू जाळ्यात घातला, तो लाइन्समनने ऑफसाइड ठरवला. त्यानंतर हा संघ पुन्हा फेब्रुवारी 1956 पर्यंत अजिंक्य राहिला. म्हणजे जवळजवळ सहा वर्षांत एक हार, आणि ती नको त्या दिवशी.

हंगेरीतल्या 1956 च्या उठावानंतर पुस्कास, कोचिश आणि चिबोर मायदेशी परतले नाहीत आणि संघ फुटला. मेलबर्न ऑलिंपिकच्या फुटबॉल स्पर्धेतून हंगेरीने माघार घेतली. पहिल्या फेरीत हंगेरीसमोर भारत होता, त्यामुळे भारताला पुढे चाल मिळाली. पुढच्या सामन्यात यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने 4-2 असे हरवले, आणि मूळचा गोव्याचा, मुंबईत टाटा संघाकडून खेळणारा नेव्हिल डिसूझा याने तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. मराठी पुरवण्यांच्या सर्वकालीन याद्यांत हे नाव क्वचितच दिसते.

हंगेरीची बाजू घेताना ब्राझीलच्या 1970 च्या संघाला उत्तर द्यावे लागते, आणि ते सोपे नाही. पात्रता फेरीतले सहाही सामने जिंकलेला हा संघ मेक्सिकोतलेही सहा सामने जिंकला. त्यांत आदल्या वेळचा विजेता इंग्लंड होता. गेर्सन, रिव्हेलिनो, टोस्टाओ, जैरझिन्हो आणि पेले हे आपापल्या क्लबातले सूत्रधार एकाच संघात मावणार नाहीत, असे ब्राझीलमध्येच बोलले जात होते. प्रशिक्षक झागालो यांनी ते मावून दाखवले. अंतिम सामन्यात इटलीविरुद्धचा चौथा गोल पुन्हा पाहावा: क्लोदोआल्दो स्वतःच्या अर्ध्या मैदानात चौघांना हुलकावणी देतो, चेंडू डावीकडे रिव्हेलिनो, पुढे जैरझिन्हो आणि मग पेले यांच्याकडे जातो, पेले न पाहताच उजवीकडे हळू पास सोडतो आणि बचावपटू कार्लोस आल्बेर्तो धावत येऊन तो जाळ्यात घालतो. तरीही या संघाने सहा सामन्यांत सात गोल खाल्ले, आणि ही जुळणी एका उन्हाळ्यापुरतीच राहिली. टिकाऊपणाला वजन दिले तर हंगेरी; उंचीला दिले तर ब्राझील. हंगेरीच्या पारड्यात आणखी एक गोष्ट पडते: आघाडीचा खेळाडू मागे घेण्याची त्यांची चाल पुढच्या सगळ्या पिढ्यांनी उचलली.

स्पेनच्या 2008 ते 2012 च्या संघाला कंटाळवाणा म्हणायची टूम निघाली होती. 2010 चा विश्वचषक त्याने सात सामन्यांत अवघ्या आठ गोलांवर जिंकला, हे खरे. पण दोन युरो आणि एक विश्वचषक मिळून बाद फेरीचे दहा सामने, आणि त्यांत एकही गोल खाल्लेला नाही. चेंडू दुसऱ्याला मिळूच द्यायचा नाही हाही बचावच आहे, आणि तो इतका चोख आधी कोणी केला नव्हता. हॉलंडचा 1974 चा आणि ब्राझीलचा 1982 चा संघ यांच्यावर चाहत्यांचे प्रेम अधिक आहे. दोघांनाही पराभवाने मोठे केले. क्रायफच्या हॉलंड संघाचे खेळावरचे ऋण मोठे आहे. झिको-सॉक्रेटिसच्या ब्राझील संघाबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही: बार्सिलोनात इटलीविरुद्ध बरोबरी पुरेशी असताना त्याने 3-2 असा सामना घालवला, आणि तो दोष बचावाचा होता. उरुग्वेच्या जर्सीवर चार तारे आहेत, 1930 व 1950 चे विश्वचषक आणि 1924 व 1928 चे ऑलिंपिक मिळून. विश्वचषक सुरू होण्याआधीचे जग याद्यांतून गळते, त्याची ही एक आठवण.

महिलांचा इतिहास तर गळण्याआधी दाबला गेला. 26 डिसेंबर 1920 रोजी गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या संघाचा सामना पाहायला 53 हजार लोक आले. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर महिलांच्या खेळाला बंदी घातली, ती जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. ब्राझीलमध्ये 1941 ते 1979 कायद्यानेच बंदी होती, आणि त्याच देशाच्या मार्ताने पुढे विश्वचषकात 17 गोल केले. जर्मनीतही 1970 पर्यंत मनाई होती. 2007 च्या महिला विश्वचषकात जर्मनीने पहिल्या सामन्यात अर्जेंटिनाला 11-0 असे हरवले आणि सबंध स्पर्धेत एकही गोल न खाता चषक नेला. पुरुषांच्या एकाही विजेत्या संघाला हे जमलेले नाही. अमेरिकेने चार विश्वचषक घेतले, त्यांत बंदीच्या काळात कुणी पुढे गेले नव्हते याचाही वाटा आहे.

तेव्हा पुढील कौल छापताना संपादकांनी तीन गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे. खेळाडूसाठी एका स्पर्धेतला खेळ आणि सबंध कारकीर्द हे दोन प्रश्न वेगळे विचारावेत; संघासाठी देशाचे नाव न देता वर्षे द्यावीत, म्हणजे ‘ब्राझील’ ऐवजी ‘ब्राझील 1970’ असे. मत देणाऱ्यांचे वयोगट निकालासोबत छापावेत, म्हणजे कोणी कोणाला पाहिले होते हे वाचकाला कळेल. आणि महिलांचा प्रश्न स्वतंत्र चौकटीत असावा. 2027 चा महिला विश्वचषक ब्राझीलमध्ये भरणार असल्याने हे शेवटचे काम त्याच्या पुरवणीपासूनच सुरू करता येईल. मार्ता, सुन वेन, एकर्स आणि जर्मनीची बिर्गिट प्रिन्झ यांची नावे त्यात असावीत, आणि 1991 च्या पहिल्या महिला विश्वचषकाआधीच्या खेळाडूंसाठी एक रकाना मोकळा सोडावा.

कळावे,
एक नियमित वाचक